घनफळ वहीत नको, अंगणात हवं

शंकूचं घनफळ किती? एक तृतीयांश पाय आर वर्ग एच. दहावीच्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. त्याच मुलाला रोह्याजवळच्या एखाद्या खळ्यावर न्या आणि विचारा, बाळा, या राशीत किती घनफूट भात असेल? तो राशीकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल. माझं मत असं, की दोष मुलाचा नाही. घनफळ वहीत कोंडून ठेवण्याच्या रीतीचा आहे.

पूर्वी असं नव्हतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) राशिव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. राशीच्या पोटात शिरून त्रिज्या कोण मोजणार? म्हणून पायथ्याभोवती दोरी फिरवायची आणि परीघ घ्यायचा. त्याचा सहावा भाग, त्याचा वर्ग, गुणिले उंची. उंचीसुद्धा अंदाजाने सांगितली आहे. भातासारख्या कुसळी धान्याची परिघाच्या नवव्या भागाइतकी, जाड्या धान्याची दहाव्या, बारीक धान्याची अकराव्या. परीघ १८ फूट असेल तर उंची २ फूट. अठराचा सहावा भाग ३, वर्ग ९, दुणे १८ घनफूट. आजच्या सूत्राने सुमारे १७.२ येतात. म्हणजे एका दोरीवर केलेल्या हिशेबात शेकडा पाचाचीही चूक नाही! भिंतीला टेकलेल्या आणि कोपऱ्यातल्या राशीचेही नियम तिथे आहेत.

आता आजचं पाहू. घर बांधायला काढलं की वाळू ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीवाला म्हणतो, "दोन ब्रास आहे, काका." हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि वाळूची सरासरी उंची अडीच फूट असेल तर भरतात १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. अर्धा ब्रास गेला कुठे? शिवाय दमट वाळूचे कण सैल बसतात, ती कोरडीपेक्षा फुगते. म्हणजे पोकळीचेही पैसे आपणच देतो. इथे लागतं काय, तर एक टेप आणि चौथीतला गुणाकार.

आमच्या पेणच्या गणपतींचंच घ्या. एक फुटाची मूर्ती त्याच घडणीत दोन फुटी केली आणि ती भरीव असेल, तर माती दुप्पट नाही, आठपट लागते. आतून पोकळ आणि जाडी तेवढीच ठेवली तर साधारण चौपट. हा हिशेब कारखान्यात हातांना ठाऊक असतो, पण गणिताच्या तासाला तो कुणी विचारत नाही.

पाण्याचंही तेच. खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वेळ किती वेळा आली आहे! गोल टाकीचा व्यास १ मीटर आणि पाणी १ मीटर उंच, तर सुमारे ७८५ लिटर. हे ज्या गृहिणीला काढता येतं, तिला पाणी कधीपर्यंत पुरेल हे कुणाला विचारावं लागत नाही.

ज्याला मोजता येत नाही त्याला दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवावा लागतो, आणि असा विश्वास बहुधा गरिबालाच महाग पडतो. म्हणून म्हणतो, सुट्टीत नातवंडं आली की त्यांच्या हातात एक दोरी द्या आणि घरातली टाकी मोजायला सांगा. 'पाय' म्हणजे काय, हे मग वेगळं समजवावं लागणार नाही.