दात म्हणजे दागिना नव्हे

माझा भाचा सात वर्षांचा आहे. तोंडात दात चारच, तेही टोकदार. केस विरळ, अंगाला घाम येत नाही. उन्हाळ्यात आपा त्याचा बनियन दर तासाला ओला करते, नाहीतर पोराला ताप भरतो. आजाराचे नाव एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. त्वचा, केस, दात, घामाच्या ग्रंथी गर्भात एकाच थरातून घडतात, दोष तिथलाच.

कवळीचा खर्च विमा कंपनीकडे मागितला. उत्तर आले, दंतोपचार पॉलिसीत बसत नाहीत, अपघात असता तर पाहिले असते. म्हणजे पडून दात तुटला तर उपचार, आणि दात मुळात उगवलाच नाही तर हौस!

बरे, कवळी एकदा बसवली की संपले असेही नाही. मूल वाढते, जबडा वाढतो, कवळी पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. इम्प्लांट बहुतेक वेळा वाढ पूर्ण झाल्यावरच. तोवर पोराने भाकरी चावायची कशी, शाळेत बोलायचे कसे?

दुभंगलेल्या ओठ-टाळूची शस्त्रक्रिया राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते. योग्यच आहे. तोही जन्मजात दोष, हाही जन्मजात दोष. मग हा भेद का? 2016च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे. या आजाराचे नाव नाही.

सरकारला बोललो, आता घरच्यांना. मोहल्ल्यात लोक म्हणतात, "नात्यात लग्न केलं, आता भोगा." आपाचे लग्न नात्यात झालेलेच नाही. काही प्रकारांत नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो, हे मी लपवणार नाही. पण सर्वात जास्त आढळणारा प्रकार, आणि भाच्याचाही तोच, एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी, मग नवरा नात्यातला असो वा परका. डार्विनने 1875 साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे : चार पिढ्यांत दहा पुरुष असेच, मुली चांगल्या, पण त्यांच्या मुलग्यांत पुन्हा तेच. तेव्हा 'तुमच्यातच असं होतं' म्हणणाऱ्यांनीही ही नोंद वाचावी.

आणि आईला दोष देणाऱ्यांनो, गुणसूत्र कोणी निवडून घेत नाही. बोलायचेच असेल तर आपाला टोमणे मारू नका. आमदाराकडे माझ्यासोबत चला. मागणी एकच आहे : जन्मजात आजाराने न आलेले दात हा आजाराचाच भाग माना, आणि मूल मोठे होईपर्यंत त्याच्या प्रत्येक कवळीचा खर्च द्या.