गोधडी महागली कुठे?

डोंबिवली-कल्याणात जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी एखादी तरी ताई तुमच्या ओळखीची असेलच. कापड जवळजवळ फुकट. किंमत असते ती धावदोरा घालण्यात गेलेल्या दिवसांची. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती रजईवर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे थेट १८. म्हणजे २,५००ची गोधडी २,६२५ला, पण २,६००ची ३,०६८ला!

घरून, राज्यातल्या राज्यात विकणारीला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही. पण तीच गोधडी ठाण्यातल्या मोठ्या दुकानात गेली की कर आला. दुकानदार म्हणणारच, ‘ताई, अडीच हजारांत बसवा ना.’ बसवायची कशी? कापडात तर काही वाचत नाही. मग टाकेच विरळ घालायचे. मशीनवरच्या रजईला ही अडचणच नाही, ती मुळात स्वस्तात तयार होते.