डोले, डोळे आणि लंडनचा वर्ग

इशाची नमाज झाली, भांडी आवरली आणि मी वह्या तपासायला बसले. तेवढ्यात धाकट्याने मोबाइल नाकासमोर धरला. "अम्मी, देखो, ये तो तुम्हारीच क्लास है!"

पडद्यावर खरोखरच वर्ग होता. लंडनमधला, संध्याकाळी भरणारा. बाकांवर बसलेली सगळी मोठी माणसं. एक पगडीवाले सरदारजी, काराकुली टोपी घातलेले एक पाकिस्तानी गृहस्थ, साडी नेसून विणकाम करत बसलेली एक हिंदुस्थानी बाई, शिवाय इटलीचा, स्पेनचा, ग्रीसचा, जपानचा असे एकेक नमुने. सगळे इंग्रजी शिकायला आलेले. मास्तर बिचारे एक वाक्य शिकवतात आणि दहा तोंडांतून त्याची दहा वेगळी रूपं बाहेर पडतात. टोपीवाले अली नदीम 'एक्सक्यूज मी' म्हणायला जातात आणि 'स्क्वीझ मी' म्हणतात. म्हणजे 'माफ करा'च्या जागी 'मला पिळा'! मी इतकी हसले की मांडीवरच्या वह्या खाली घसरल्या.

वह्या गोळा करता करता हसू थांबलं, कारण मला 'डोले' आठवले. ते पुढे सांगते. आधी या मालिकेविषयी.

'माइंड युवर लँग्वेज' ही विन्स पॉवेल यांनी लिहिलेली मालिका 1977 च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर सुरू झाली. लोक आवडीने बघत होते, तरी 1979 मध्ये लंडन वीकेंड टेलिव्हिजनचे अधिकारी मायकेल ग्रेड यांनी ती बंद केली. परदेशी माणसांचे ठरावीक साचे करून त्यांच्यावर हसवलं जातं, हे त्यांना खटकलं. खटकावं असंच होतं. जपानी म्हणजे सतत कमरेत वाकणारा, फ्रेंच बाई म्हणजे नखरेल, चिनी बाई म्हणजे हातात माओचं लाल पुस्तक, आणि मुसलमान व शीख एका बाकावर आले की भांडण ठरलेलं. खरं तर पाकिस्तानातला अली आणि पंजाबातला रणजीत सिंग परक्या शहरात भेटले असते तर मधल्या सुट्टीत चहा घेत दोघांच्या गप्पा रंगल्या असत्या. लेखकाला ते सुचलं नाही.

मास्तर मात्र मला मनापासून आवडले. बॅरी इव्हान्स यांनी केलेले हे ब्राऊन सर डोक्याला हात लावतात, हताश होतात, पण कुणाच्या उच्चाराची नक्कल करून वर्गाला हसवत नाहीत. आम्हाला बीएडला विद्यार्थ्यांच्या चुका कशा हाताळाव्यात हे शिकवलं होतं, पेपरात मी ते सुंदर अक्षरात लिहिलंही होतं. ब्राऊन सर ते करतात.

आणि त्या अलीचं काम करणारा नट? डिनो शफीक, जन्म ढाक्याचा. हाच नट त्याआधीपासून बीबीसीच्या एका मालिकेत चहावाला मुहम्मद होता, आणि ती मालिका घडते कुठे, तर आपल्या देवळालीत! बदनापूरहून मनमाडमार्गे मुंबईला निघालो की नाशिकरोडच्या पुढे लागतं तेच देवळाली. 'इट एन्ट हाफ हॉट मम' हे तिचं नाव. 1974 ते 1981 ती चालली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, देवळालीच्या छावणीत गोऱ्या सैनिकांची एक नाटक मंडळी, लढाई सोडून नाचगाणी बसवण्यात गुंतलेली. दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः सैनिक असताना अशाच मंडळीत देवळालीला होते. चित्रण मात्र इंग्लंडात झालं, त्यामुळे देवळालीची माती त्यात शोधायला जाऊ नका.

देवळालीने इंग्रजीला एक शब्दही दिला आहे. नोकरीची मुदत संपलेले सैनिक तिथे विलायतेच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, ऊन डोक्यावर, मग डोकी फिरत. त्याला ते 'डुलाली टॅप' म्हणू लागले. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज 'डुलाली' म्हणतो. आपल्या गावाचं नाव साहेबाच्या तोंडात असं मोडलं तर तो शब्दकोशात जातो, आणि साहेबाचा शब्द आपल्या तोंडात मोडला तर टीव्हीवर हशा होतो. असो.

या मालिकेत रमझान नावाचा एक पंखेवाला आहे. बाहेर बसून दोरी ओढतो आणि साहेबांविषयी उर्दूत पुटपुटत असतो. छावणीतला सर्वांत शहाणा हाच, असं मला वाटलं. पण मुख्य हिंदी माणूस म्हणजे रंगी राम हा नोकर, आणि तो आहे मायकेल बेट्स हा गोरा नट, तोंडाला तपकिरी रंग फासलेला. बेट्स यांचा जन्म झाशीचा, त्यांना आपली भाषा उत्तम येत होती हे खरं. तरीही तो रंग बघून पोटात कसंतरी होतं. बीबीसी आता ही मालिका पुन्हा दाखवत नाही.

लंडनच्या त्या वर्गाची आपली आवृत्ती पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांना आठवत असेल. 'जबान संभालके'. 1993 मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ती सुरू झाली. इथे इंग्रजीच्या जागी हिंदी, आणि मास्तर मोहन भारती म्हणजे पंकज कपूर. संस्थेच्या बाई शुभा खोटे, आणि त्यांचेच बंधू विजू खोटे विद्यार्थ्यांच्या बाकावर. 'शोले'तला कालिया इथे विठ्ठल बापूराव पोटे होऊन मराठी वळणाचं हिंदी बोलायचा. मी तेव्हा सुट्टीत औरंगाबादला मामूंच्या घरी असायची. त्यांच्याकडे केबल होती, म्हणून शेजारच्या काकू आणि त्यांच्या मुलीही बघायला यायच्या. मद्रासी स्वामी बोलले की सगळे हसायचे. अरबी शेख बोलला की काकूंच्या मुली आधी हसायच्या, मुमानी जरा थांबून. पोटे बोलले की आम्ही पोरं गडाबडा लोळायचो आणि काकू म्हणायच्या, "आपण काही इतकं वाईट बोलत नाही हं हिंदी." मग त्याही हसायच्या. आपल्या माणसाची पाळी आली की हसू थोडं उशिरा येतं, हे मी त्या खोलीत पाहिलं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ काय कळणार!

त्या वर्गात एक इंग्रज होता, चार्ल्स स्पेन्सर. हिंदीचे तुकडे तुकडे करायचा. ते काम टॉम आल्टर यांचं. मसुरीत जन्मलेला, अमेरिकी मिशनरी कुटुंबातला हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. त्याची उर्दू अशी की रंगमंचावर मौलाना अबुल कलाम आझादांची भूमिका करायचा. एकट्याने, तासन्‌तास. मी त्याचे व्हिडिओ पाहिले आहेत. 'क़ाफ' आणि 'ख़े' असे घशातून काढतो की आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या उर्दू शिक्षकांनी, म्हणजे माझ्यासकट, पुन्हा पहिलीत बसावं. 2008 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली, 2017 मध्ये तो गेला. ज्याच्या जिभेवर उर्दू अशी होती त्याने गोरा चेहरा असल्यामुळे पडद्यावर वारंवार तोडकीमोडकी हिंदी बोलायची.

आता डोले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांची घरची बोली दखनी. 'ळ' तिच्यात नाही, त्यामुळे शाळेची शाला होते, फळ्याचा फला, पोळीची पोली. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन, म्हणून पुस्तक कधी 'तो' होतं कधी 'ती'. पण गंमत बघा, हीच दखनी मराठीचं किती देणं लागते! 'नको'चं नक्को, 'काय'ला 'कू' जोडून कायकू. आणि धाकट्याच्या 'तुम्हारीच'मधला तो 'च' तर थेट मराठीतून उचललेला. लखनौवाला 'तुम्हारी ही' म्हणेल. दुसऱ्या बाजूने पाहाल तर दप्तर, शाई, कागद, हजेरी हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत येऊन इतके रुळलेत की त्यांच्याशिवाय मराठी शाळा भरणार नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही तीन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात, फळ्यावरचा उतारा मुलं लिहून घेत असताना, मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "टीचर, माझे डोले दुखतात."

मी म्हणाले, "डोले? कुठले, मोहरमचे?"

वर्ग फुटला. मीही हसले. हसणाऱ्यांतले निम्मे स्वतः 'डोले'च म्हणायचे, पण टीचरने विनोद केला होता. तो खाली बसला. त्यानंतर मराठीच्या तासाला त्याचा आवाज मी ऐकला नाही. विचारलं की उभा राहायचा, बघायचा, बसायचा. मी त्याच्या नावापुढे 'लक्ष नाही' असा शेरा लिहिला. चार महिन्यांनी शाळेत आरोग्य तपासणीवाले आले तेव्हा कळलं, पोराला फळा दिसतच नव्हता. चष्म्याचा नंबर चांगलाच मोठा निघाला. त्याने मला ते सांगितलं होतं, मराठीत सांगितलं होतं, आणि मला फक्त 'ळ' ऐकू आला नव्हता.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि नावं ठेवण्यास मनाई आहे, हे मी मुलांना कितीदा सांगितलं असेल. वर्गात टोपणनावावरून भांडण झालं की हाच दाखला देते. त्या दिवशी तो मला आठवला नाही.

मग हसायचंच नाही का? आपल्या घरांत काही बुजुर्ग तेवढंच सांगतात, ते मला पटत नाही. प्रेषित (सल्ल.) स्वतः विनोद करत. एकाने स्वारीसाठी जनावर मागितलं तर ते म्हणाले, तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो गोंधळला, पिल्लावर बसू कसा? तेव्हा त्यांनी विचारलं, मोठा उंट तरी उंटिणीचंच पिल्लू नाही का? हाही शब्दांचाच खेळ. मागणारा हसत, उंट घेऊन घरी गेला असेल.

आणि ज्यांच्यावर पोटभर हसावं असेही लोक आहेत. ब्रिटनचीच 'येस मिनिस्टर' ही मालिका घ्या. 1980 ते 1984, बीबीसीवर. तिथे भाषेची फजिती आहे, पण ती फजिती करणारे सर हम्फ्री हे मंत्रालयातले सर्वांत शिकलेले अधिकारी. शुद्ध, लांबलचक, अलंकारिक इंग्रजी बोलून ते मंत्र्याला काहीही कळू देत नाहीत. 2001 मध्ये स्टार प्लसने 'जी मंत्रीजी' नावाने ती हिंदीत आणली. मंत्री फारूक शेख, सचिव जयंत कृपलानी. फारूकभाईंचा तो भाबडा, साजूक चेहरा, आणि सचिवांच्या तोंडून फाइलींच्या भाषेचा धबधबा! परिपत्रक हातात पडलं की मला तो प्रसंग आठवतो. 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सदर बाब तपासून उचित कार्यवाही करावी.' कुणी, काय, केव्हा करायचं? 'ळ' सगळे जागच्या जागी असतात, अर्थ तेवढा गैरहजर. मुख्याध्यापकांनी ते वाचून दाखवलं की आम्ही स्टाफरूममध्ये खुशाल हसतो.

धाकट्याला मी तो लंडनचा वर्ग बघायला मना केलं नाही. उलट शेजारी बसून आणखी तीन भाग पाहिले. अली काय म्हणू पाहतोय ते ओळखायचं, असा खेळच केला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाला बोलावलं. आता तो नववीत आहे, मिसरूड फुटतंय. सहावीतला तो दिवस सांगितला आणि म्हणाले, "चूक माझी होती, बेटा. माफ कर." तो चप्पलकडे बघत राहिला. "वो तो मैं भूल गया, टीचर." भूल कसला गया! कान लाल झाले होते.

दारापर्यंत गेला आणि परत वळला. "लेकिन टीचर, नंबर बढ़ गया लगता. डोळे अब्बी बी दुखतेच."

'ळ' स्वच्छ होता. मी त्याच्या वडिलांना फोन लावला. येत्या शनिवारी ते त्याला जालन्याला दाखवायला नेणार आहेत. तोवर तो पहिल्या बाकावर बसतो.