विसंगतीचे बारसे

तर्कशास्त्र हा शब्द कानी पडताच पुष्कळांना जांभई येते. तरीही वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता एवढी गंमत ऐकाच.

समजा, एक शेजारी सांगतो, वाण्याचे दुकान उघडे आहे. दुसरा सांगतो, उघडे नाही. आपण दोघांचेही खरे मानले. आता जुन्या वळणाचा तर्कपंडित म्हणतो, "दुकान उघडे आहे हे खरे, म्हणून 'दुकान उघडे आहे किंवा चंद्र बेसनाचा लाडू आहे' हेही खरे. पण दुकान तर उघडे नाही! मग उरले काय? लाडू!" एका विसंगतीतून वाटेल ते सिद्ध होते, ते असे.

व्यवहारात असे कोण वागतो? दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत, तर न्यायाधीश साऱ्या गावाला फाशी देत नाही. तो विसंगती बाजूला ठेवतो आणि उरलेल्या पुराव्यावर विचार करतो. या शहाणपणाला शास्त्राची शिस्त लावण्याचा एक यत्न पोलंडच्या यास्कोव्स्की यांनी १९४८ साली केला. ब्राझीलचे न्यूटन दा कोस्टा यांनी १९६३ साली आपल्या प्रबंधात तो पुष्कळच पुढे नेला.

मूल वाढले, पण त्याला नाव नव्हते! नाव ठेवले ते पेरू देशाचे तत्त्वज्ञ, आणि एके काळचे शिक्षणमंत्री, फ्रान्सिस्को मिरो केसादा यांनी. १९७६ साली ब्राझीलमधील कांपिनास येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी या शास्त्राला 'पॅराकन्सिस्टंट' म्हटले. ग्रीक 'पॅरा' म्हणजे शेजारचा, पलीकडचा. सुसंगतीचा हा वैरी नव्हे, तिच्या शेजारी बिऱ्हाड करणारा आहे.

मराठीत मी याला 'विसंगतिसह तर्कशास्त्र' म्हणेन. 'सह' म्हणजे सोसणारे. सोसणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हे मात्र विसरू नये. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे बोलणाऱ्या पुढाऱ्याला या शास्त्राचा आधार मिळणार नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की घराच्या एका कोपऱ्यात ठिणगी पडली, तर ती तिथेच आवरावी. सारे घर जळाले असे धरून चालू नये.

आपल्या प्रत्येकाच्या मनात न जुळणाऱ्या दोन श्रद्धा सुखाने नांदत असतात. तरी चंद्राला लाडू समजून आपण त्याच्याकडे हात पसरत नाही. तेव्हा हे शास्त्र आपल्या अंगी आधीपासूनच होते; नाव तेवढे १९७६ साली मिळाले.