फितीच्या रंगावरून शूरवीर ठरवू नका

हजीऱ्याच्या किनाऱ्याला, सुवाळीच्या जुन्या बंदराजवळ, घुमटाची एक कबर आहे. ती टॉम कोरिएटची म्हणून ओळखली जाते. पश्चिम आशियातून पायी चालत अजमेर गाठणारा हा इंग्रज प्रवासी 1617च्या डिसेंबरात सुरतेत वारला. एडवर्ड टेरी हा पाद्री त्याला हिंदुस्थानात भेटलेला होता, आणि कोरिएटच्या कबरीवर इंग्लंडच्या चर्चच्या आवारात असते तशी लहानशी खूण उभारली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. किनाऱ्यावरची वास्तू मात्र खांबांवर तोललेल्या घुमटाची, मुसलमानी घडणीची. तरीही इंग्रजांच्या सागरी नकाशांनी तिला कोरिएटचे नाव दिले, कारण जहाजाला दुरून दिसणारी ठळक खूण हवी होती, आणि ते नाव कायम झाले. संग्रहालयांत, जुन्या वाड्यांत आणि जुन्या बाजारात सापडणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या गणवेशांचेही असेच होते. छातीवरच्या पदकांतली जी फीत आधी नजरेत भरते तिच्यावरून चिठ्ठी लिहिली जाते, आणि पुढे ती चिठ्ठीच पुरावा होऊन बसते.

फीत हा पुरावा आहे, पण एकटीवर विसंबावे इतका पक्का नाही. पहिल्या महायुद्धानंतरचे व्हिक्टरी मेडल घ्या. ब्रिटन, फ्रान्स, इटली, बेल्जियम, अमेरिका, जपान अशा मित्रराष्ट्रांनी आपापली पदके वेगवेगळी घडवली, पण इंद्रधनुष्यी फीत सगळ्यांनी एकच ठेवली. म्हणजे पदक निखळून नुसती फीत उरली असेल, तर तिच्यावरून देश सांगणे अशक्य. उलट देश ओळखता आला म्हणून माणूस ओळखता येतोच असेही नाही. निळ्या फितीवर मधोमध लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी पट्टे दिसले की तो बर्मा स्टार. तो शौर्याचे पारितोषिक नव्हे. त्या रणक्षेत्रात ठरलेल्या अटींत सेवा बजावणाऱ्या प्रत्येकाला तो मिळाला. आपल्याकडे घरोघरी ‘आजोबांना इंग्रजांनी शौर्यपदक दिलं’ अशी आठवण असते. तिच्यामागे पुष्कळदा असेच मोहीमपदक असते. मोहीमपदकाला हलके लेखण्याचे कारण नाही. ब्रह्मदेशातल्या जंगलात मलेरिया आणि जपानी सैन्य यांच्यामध्ये उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. पण शौर्यपदक म्हणजे विशिष्ट दिवशी, विशिष्ट कृत्यासाठी झालेला गौरव. तो फरक पुसला तर ज्यांना ते खरोखर मिळाले त्यांच्यावर अन्याय होतो.

मग पाहायचे काय? आधी क्रम. पदके डाव्या छातीवर असतात आणि सर्वांत मानाचे बटनांच्या रेषेजवळ. परक्या देशाने दिलेले पदक रांगेच्या शेवटी येते. ते पहिल्या जागी दिसले तर दोन शक्यता उरतात. एक तर गणवेश त्याच देशाच्या सैनिकाचा असेल, नाही तर ती रांग मागाहून कोणीतरी शिवली असेल. दुसरी गोष्ट म्हणजे पदकाची मागची बाजू आणि कड. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांवर सैनिकाचे नाव आणि पलटण कोरलेली असते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागेही नाव आणि कृत्याची तारीख असते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या क्रॉसच्या बाबतीत म्हणूनच इटलीतल्या कृत्याची 10 जुलै 1944 ही तारीख पक्की करता येते. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डरवर मात्र बहाल करतेवेळी नाव कोरत नसत. 1938 नंतरच्या पदकावर फार तर वर्ष सापडते. 1945च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईसाठी तिघा भारतीय पलटणप्रमुखांना हे पदक मिळाले: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांची पदके टेबलावर शेजारी ठेवली तर कोणते कोल्हापूरकर थोरातांचे, हे पदक सांगणार नाही. ते लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारचे राजपत्र सांगेल, सेवापुस्तिका सांगेल, आतल्या खिशातली शिंप्याची चिठ्ठी सांगेल.

यावर पहिला आक्षेप हा, की परक्या राजवटीच्या बिल्ल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण स्वतंत्र भारताने तो प्रश्न कधीच सोडवून टाकला आहे. घटनेच्या कलम 18ने राज्याला किताब देण्यास बंदी घातली, तरी लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळले. इंग्रजी आमदनीतली पदके 1947 नंतरही आपल्या अधिकाऱ्यांनी भारतीय गणवेशावर लावली. थोरात, थिमय्या यांच्या छायाचित्रांत ती दिसतात. दुसरा आक्षेप घरच्या माणसांचा असतो आणि तो अधिक गंभीर आहे. कागद हरवले, गॅझेट कोण शोधणार, घरातली आठवण खोटी ठरवायची का? खोटी ठरवायची नाही, पण कोणत्या गोष्टीला कोणता आधार आहे ते वेगळे लिहायचे. ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ हे दोन शब्द चिठ्ठीवर लिहायला काही खर्च नाही, आणि कडेवरचे नाव वाचायला भिंग पुरते. अडचण पैशाची कमी, घाईची जास्त. देणगीदाराचा हार घालून फोटो काढण्याआधी पदक उलटे करून पाहण्याइतका वेळ संग्रहालयाकडे असतोच.

आणखी एक काम टाळता येण्यासारखे आहे: गणवेश ‘नीट’ करणे. सुटलेली फीत नव्या दोऱ्याने शिवली, पितळ चकचकीत घासले, विसंगत वाटणारे पदक काढून पेटीत टाकले, की उरलेसुरले पुरावेही जातात. कापडावरची जुन्या टाक्यांची भोके कधीकधी फितीपेक्षा जास्त सांगतात. तिथे पूर्वी किती रुंदीची रांग होती, तीत काही कमी-जास्त झाले का, हे त्यांवरून कळते. ती भोके बुजवू नयेत, आणि काढलेले पदक कोठून काढले ते त्याच्यासोबतच लिहून ठेवावे.