लेबल नको, पँट उलटी करून बघा!

गिऱ्हाईक बंधू-भगिनींनो,

कल्याणच्या बाजारात आमचं कपड्यांचं दुकान आहे. कुठलं ते छापत नाही. जाहिरातच करायची असती तर पत्रक रंगीत काढलं असतं.

गेल्या दिवाळीत एक ताई मुलासाठी जीन्स घ्यायला आल्या. पोरगं एक निळी पँट घालून बाहेर आलं, बसली झकास. भावही पटला. मग ताईंनी विचारलं, "ही कुठली हो?" मी म्हटलं, "उल्हासनगरची. कॅम्प पाच." भाजीत अळी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. पँट काउंटरवर परत आली. "इंपोर्टेड नाही का काही?"

असतं की! तीच पँट, त्याच कारागिराच्या हातची, फक्त कमरेला परदेशी नावाचा पट्टा. भाव दीडपट. आम्ही ते करत नाही, पण करणारे आहेत आणि त्यांची दुकानं आमच्यापेक्षा जोरात चालतात. त्यांना दुकान कोणी चालवून दिलं? तुम्हीच.

'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या विनोदावर दोन पिढ्या हसल्या. फाळणीत घरदार सोडून आलेली ती माणसं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कोणी पापड लाटले, कोणी लोकलमध्ये फिरून गोळ्या-बिस्किटं विकली, कोणी शिवणयंत्र टाकलं. माल तयार झाला, पण गावाच्या नावावर खपेना. मग त्यावर परदेशी लेबल चढलं. खोटं लेबल ही फसवणूकच, तिची वकिली मी करणार नाही. पण ते लेबल बघून ज्यांनी पँट घेतली, पाच-पाच वर्षं वापरली आणि चारचौघांत मिरवली, त्यांना शिवणीत काही खोट दिसली नव्हती. खोट दिसली ती गावाचं नाव कळल्यावर.

आणि अस्सल अमेरिकन म्हणता, ती तरी कुठली? जीन्स जिच्या नावाने जगभर ओळखली जाते त्या लीव्हाय स्ट्रॉस कंपनीने अमेरिकेतले स्वतःचे शेवटचे शिलाई कारखाने 2004 च्या सुरुवातीलाच बंद केले. त्या नावाची पँट आज बांगलादेशातही शिवली जाते. तिकडचा शिंपी चालतो, कल्याणच्या पुढच्या स्टेशनावरचा चालत नाही!

हा खेळ जुनाच आहे. 1887 साली इंग्रजांनी कायदा केला, की परदेशी माल इंग्लंडचा म्हणून खपवायचा नाही. रोख जर्मनांवर होता, कारण त्यांच्या सुऱ्या शेफील्डच्या नावाने विकल्या जात. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का बदनामीसाठी मारायला लावला, आणि पुढे लोक तोच शिक्का शोधून माल घेऊ लागले. अमेरिकेतल्या भाच्याकडून आयफोन मागवणाऱ्यांनीही एकदा खोका वाचावा. 'असेंबल्ड इन इंडिया' निघालं तर भाच्यावर चिडू नये.

आता आमच्या बाजूचं पाप. कॅम्पातल्या जीन्स-धुलाईच्या रंगाने वालधुनी नदी नासली. त्याबद्दल आम्हाला खुशाल जाब विचारा. माल कुठला हे विचारायचंच असेल तर असं विचारा की रंगाचं पाणी कुठे सोडलं, कारागिराला मजुरी काय दिली. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं मेली. तिथल्या कारखान्यांत शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या बड्या नावांखाली विकले जात होते. ते लेबल बघून कोणी नाक मुरडलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या खेपेला दुकानात आलात की पँट उलटी करा. पायाची आतली शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा, टाके उघडे पडतात का. खिशाच्या कोपऱ्यावर आणि पट्ट्याच्या लूपवर घट्ट, दाट टाके हवेत. जीन्स आधी फाटते ती तिथेच. चेन चार-पाचदा वरखाली करा. पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला घासा, निळा झाला तर पहिली धुलाई वेगळी करा. फारच निळा झाला तर पँट ठेवून द्या. दुकानदार कुरकुरला तर त्यालाही सोडा. एवढं करून माल पसंत पडला नाही तर जरूर नाकारा, आम्हाला वाईट वाटणार नाही.

त्या ताईंचा मुलगा दुकानातून जाताना दोनदा मागे वळून बघत होता. ती पँट मी अजून विकलेली नाही. अठ्ठावीस कंबर आहे. ताई हे पत्रक वाचत असतील तर त्यांनी यावं, भाव तोच आहे.

आपला,
कल्याणचा एक कापड दुकानदार

(वाचून झाल्यावर पत्रक शेजाऱ्याला द्या.)