शेणाचा हिशेब गोठ्यापासून मांडा

गोडदेव हे गाव भाईंदर शहरात केव्हाच विरघळले. मीरा-भाईंदरच्या इमारतींत आता गॅस नळाने येतो. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. तर ऐका. शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांनी 2025-26 पासून शंभरात एक भाग बायोगॅस द्यायचा, 2028-29 पासून पाच भाग, असे बंधन केंद्र सरकारने घातले आहे. हा गॅस शेण, मळी, काडीकचरा आणि शहरी कचऱ्यातून निघायचा. म्हणजे दिल्लीची नजर आता आपल्या उकिरड्यावर आहे.

भावांनो, उकिरड्याला गिऱ्हाईक आले तर आम्हाला आनंदच आहे. पण आधी हिशेब.

एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गोबरगॅस निघतो. तो शुद्ध करून दाबून भरला तर जेमतेम 15-16 ग्रॅम इंधन. 2018 च्या 'सतत' योजनेत अशा इंधनाला किलोला 46 रुपये भाव ठरला होता. त्या भावाने किलोभर शेणातल्या गॅसची किंमत 70-75 पैसे. त्यातून कारखानदार यंत्राचा खर्च काढणार, ट्रॅक्टरचे भाडे काढणार, मग आपल्याला काय देणार? चाळीस किलोमीटरवरून शेण वाहून नेण्यात काही कार्यक्षमता नाही, तो डिझेलचा धूर आहे. त्या योजनेत 5,000 प्रकल्प उभे राहायचे होते. मुदत संपली तेव्हा त्याच्या पासंगालाही पुरतील एवढे उभे नव्हते.

आता घरची टाकी पाहा. दोन घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे. गोवरी साध्या चुलीत जाळली तर दहा टक्केच उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीवर पन्नास टक्क्यांच्या वर. शिवाय गोवरीची राख होते, टाकीतून निघालेल्या स्लरीत नत्र शिल्लक राहते. कपाशीला तेच हवे. मायबहिणींचे डोळे वाचतात ते वेगळेच.

मग टाक्या बंद का पडल्या? 1981-82 पासून सरकारी कार्यक्रम चालला, महाराष्ट्रात लाखोंनी टाक्या झाल्या. अनुदान बांधकामाला मिळाले, चालवायला नाही. शेणाइतकेच पाणी लागते, रोज 50 लिटर. वैशाखात दोन कोसांवरून हंडा आणणारी बाई ते टाकीत ओतील काय? कडबा महागला, बैल विकले, की शेणही संपले. थंडीत गॅस कमी येतो, हेही बांधताना कोणी सांगितले नाही.

गोबरगॅसवर पंप चालवा, असेही सांगणारे भेटतात. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला दोन घनमीटरहून जास्त गॅस खाते, म्हणजे अख्ख्या घराचा दिवसाचा गॅस. पऱ्हाटीचेही तसेच. ती लाकडासारखी, टाकीत सहजी कुजत नाही. ती जाळायचीच वस्तू आहे.

आमचे म्हणणे एवढेच. शेण न्यायचे तर गोठ्यावरच्या वजनाने रोख भाव ठरवा, आणि जेवढे शेण नेले त्याची स्लरी त्याच शेतकऱ्याच्या बांधावर, भाड्यासकट परत आणा. अनुदान टाकी बांधल्याबद्दल नको, वर्षभर चालल्याबद्दल द्या. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातल्या चालू टाक्या किती, बंद किती आणि बंद कशाने पडल्या, हे मोजून लिहून आणावे.